दृष्टिपटल : रक्तवाहिन्यांचा आरसा

उंबरमाळी येथील ५२ वर्षांचे एक शेतकरी सकाळची डोकेदुखी व अंधुक दिसणे या तक्रारी घेऊन आले. वयोमानाने आलेले दृष्टिमांद्य समजून प्रस्तुत लेखकाने त्यांस त्रिफळा घृत दिले. रक्तदाब मोजला नाही. तीन आठवड्यांनी मोजला, तेव्हा तो २१०/१३० होता. नेत्रतज्ज्ञांस दृष्टिपटलावर रक्तस्राव व दृष्टिचकतीस सूज आढळली. रुग्ण वाचला, मात्र एका डोळ्याची दृष्टी पूर्ववत झाली नाही. ही चूक अन्य कोणाकडून घडू नये, म्हणून हे टिपण.

शरीर न छेदता सूक्ष्म धमनिका इतक्या स्पष्टपणे दिसाव्यात, असे नेत्रतळासारखे दुसरे स्थान नाही. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रतळ पाहण्याचे उपकरण सिद्ध केले. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर व बार्कर यांनी उच्च रक्तदाबातील नेत्रतळाच्या चार अवस्था सांगितल्या :

१) धमनिकांचा किंचित संकोच.
२) अधिक संकोच; धमनिका जेथे नीलेस ओलांडते तेथे नीला दबलेली दिसणे.
३) रक्तस्राव व कापसासारखे पांढरे ठिपके.
४) वरील लक्षणांसह दृष्टिचकतीस सूज.

तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. घृत, तर्पण वा अंजन यांत वेळ दवडू नये.

आता फंडस कॅमेऱ्याने हे चित्र टिपून ठेवता येते. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २००६ ते २००९ या काळात झालेल्या मध्य भारत नेत्र व वैद्यकीय पाहणीत ३० वर्षे व त्यावरील ४७११ व्यक्तींचा समावेश होता. खेड्यातही असे कार्य शक्य आहे, हे तिने दाखविले. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी सुमारे २.८४ लाख रुग्णांच्या नेत्रतळ-छायाचित्रांवर संगणकास शिकवून वय, धूम्रपान व हृद्रोगाची संभाव्यता यांचा अंदाज बांधता येतो, असे मांडले. तथापि हा केवळ अंदाज होय. नेत्रतळ निर्दोष असला म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. छातीत दुखणाऱ्या रुग्णास हृदयालेखच हवा.

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांतील पटलांची आजच्या दृष्टिपटलाशी ओढूनताणून सांगड घालण्याचे कारण नाही. परंतु चरकोक्त त्रिमर्मे, म्हणजे शिर, हृदय व बस्ति, यांचे स्मरण येथे अवश्य व्हावे. कारण उच्च रक्तदाबाचा आघात मेंदू, हृदय व वृक्क यांवरच होतो आणि त्याची खूण पुष्कळदा डोळ्यात उमटते.

म्हणून अंधुक दिसण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब प्रथम मोजावा, मधुमेही रुग्णाचा नेत्रतळ वर्षातून एकदा तपासून घ्यावा, आणि मगच औषधयोजनेसाठी लेखणी उचलावी.