सायकलची दांडी : एक अभ्यास

सायकल आपल्या इतक्या सरावाची झाली आहे की तिचा सांगाडा असाच का, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रविद्येशी माझा संबंध शाळेतल्या विज्ञानापुरताच. तरीही हा विषय घेतला, कारण ‘ट्रायल’ या खेळाच्या सायकलींची माहिती जमवताना आपल्याकडच्या लेडीज सायकलीचे एक दुखणे मला नव्याने उमगले.

प्रथम नेहमीच्या सायकलीविषयी. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ले याने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागचे चाक चेनने फिरणारे, हे तिचे वैशिष्ट्य. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर काढला. पुढील काही वर्षांत सांगाड्याला जो आकार आला तो आजतागायत टिकला आहे. त्याचे मर्म त्रिकोणात आहे. बाज जुनी झाली की तिची चौकट कलते. कोपऱ्यात एक तिरपी काठी ठोकली की ती पुन्हा ताठ होते. सायकलीत वरची दांडी, सीटची नळी आणि खालची तिरपी नळी मिळून पुढचा त्रिकोण होतो, व सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांचा दुसरा. पुढच्या त्रिकोणाचे एक टोक हँडलच्या नळीमुळे बोथट झालेले असते, एवढेच.

२८ इंची चाकांची, सळयांच्या ब्रेकची काळी सायकल याच सांगाड्यावर उभी राहिली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० च्या कायद्याने त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. डबल दांडीची सायकल हा याच सांगाड्याचा आणखी एक बळकट अवतार. दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, मागे एक माणूस व दांडीवर एक पोर, असे ओझे ती वर्षानुवर्षे वाहते. आमच्या काळ्या जमिनीतील पांदणीपुढे मात्र तिचे चालत नाही. पहिल्याच पावसात मडगार्डखाली माती ठासून बसते, चाक फिरेनासे होते, आणि सायकलस्वारालाच सायकल खांद्यावर घ्यावी लागते! पुष्कळ जण पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवतात ते याचसाठी.

आता ट्रायल. ही वेगाची शर्यत नाही. खडक, ओढे, ओंडके यांवरून पाय जमिनीला न टेकवता जायचे, हा खेळ. प्रथम तो मोटारसायकलींचा होता. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची स्पर्धा १९०९ पासूनची. जुन्या पद्धतीने एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा तीन, आणि टप्पा फसला तर पाच. आयर्लंडच्या सॅमी मिलरने १९६५ मध्ये स्पॅनिश बनावटीच्या हलक्या बुल्टाको गाडीवर ही स्पर्धा जिंकली आणि जड इंग्रजी गाड्यांचे दिवस भरले. (मिलरही बेलफास्टचाच, हा एक योगायोग.) पुढे स्पेनमध्येच मुले हा खेळ सायकलीवर खेळू लागली.

ट्रायलची सायकल पाहिल्यावर तिचे काहीतरी चोरीला गेले असावे असे वाटते. मडगार्ड नाही, स्टँड नाही, स्पर्धेच्या बहुतेक सायकलींना सीटसुद्धा नाही. स्वार सतत पायडलवर उभा असतो, म्हणून सीट नुसती अडगळ. नेहमीच्या सायकलीत क्रँकची जागा चाकांच्या आसांच्या रेषेखाली असते. येथे ती सुधारणेगणिक वर सरकत आसांच्याही वर गेली, म्हणजे दगडाला तळ लागत नाही आणि मागच्या चाकावर उभे राहणे सोपे जाते. काळ्या सायकलीचे पायडल एकदा पूर्ण फिरले की ती सुमारे साडेपाच मीटर जाते. २० इंची ट्रायल सायकल पुढे १८ व मागे १२ दाते घेऊन जेमतेम सव्वादोन मीटर जाते. फ्रीव्हील मागच्या चाकातून काढून पुढे क्रँकवर बसवलेले असते. ब्रेक नीट धरावा म्हणून रिमची कड घासून खरबरीत करतात. आपला मिस्त्री हे पाहून कपाळावर हात मारील.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. उड्या मारताना पायांत काही येऊ नये म्हणून ट्रायलच्या सायकलीची दांडी अगदी खाली आणलेली असते. लेडीज सायकलीतही दांडी खाली आणली, ती साडी किंवा झग्याच्या सोयीसाठी. बदल एकच, परिणाम मात्र वेगळे. ट्रायलमध्ये सीटच नसल्यामुळे सीटची उंच नळी जवळपास नाहीशी झाली. भार पायडलपाशी आणि हँडलपाशी येतो, आणि तेथे जाड नळ्या व सांध्यांवर पत्र्याचे जोड देतात. लेडीज सायकलीत सीट जागच्या जागी राहिली, दांडी तेवढी गेली. वरची नळी आता सीटच्या नळीच्या मध्यावर येऊन थांबते, आणि वरच्या लांब तुकड्याची तरफ होऊन तो सांधा पिळला जातो. त्यात कॅरिअरवर धाकटी बहीण बसली की सांगाडा लवतो आणि हँडल लटपटू लागते. मिस्त्रीकडे झाळायला येणाऱ्या लेडीज सायकलींचा तडा पुष्कळदा याच सांध्यावर असतो.

हा प्रश्न लहान नाही. मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना आली. आपल्या जिल्ह्यातील तालुकेही त्यात आले. शाळा चालू राहणे सायकल चालू राहण्यावर अवलंबून, अशी स्थिती अनेक घरांत आहे.

मग मुलींनी दांडीची सायकल चालवावी काय? पुष्कळ जणी चालवतातही, पण सर्वांवर ते लादणे मला पटत नाही. फ्रान्समध्ये ‘मिक्स्त’ नावाची एक जुनी रचना आहे. तीत वरच्या एका नळीऐवजी दोन बारीक नळ्या हँडलपासून निघतात, सीटच्या नळीच्या दोन्ही अंगांनी जातात आणि थेट मागच्या आसापर्यंत पोहोचतात. दांडी खालीच राहते, पण जोर मध्येच अडकून पडत नाही. ट्रायलवाल्यांकडून घ्यायचा तो सांध्याचा जोड. सीटच्या नळीच्या कोपऱ्यात बोटभर रुंदीची त्रिकोणी पट्टी झाळून बसवणे हे आपल्या कोणत्याही वेल्डिंगवाल्याच्या हातचे काम आहे. मात्र ती तडा जाण्यापूर्वी बसवावी लागते.