शिक्षिकेच्या पदवीचे मोल

कर्नाटकात म्हैसूर–हुणसूर रस्त्यावर हिनकल हे गाव आहे. जवळच मानसगंगोत्री हा म्हैसूर विद्यापीठाचा परिसर आहे. हिनकलच्या एखाद्या शिक्षिकेने पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे ठरविले, तर विद्यापीठ दूर नाही. दूर असते ती आर्थिक सवड.

शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. समजा, तिचे मासिक वेतन १५,००० रुपये आहे. दोन वर्षांच्या बिनपगारी रजेत ३,६०,००० रुपये बुडतील. ही रक्कम कोणत्याही पावतीवर नसते; घराचा संसार मात्र तिच्याच भाराने वाकतो.

अशा वेळी दूरशिक्षण आधार ठरते. म्हैसूर विद्यापीठाने १९६९ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले; त्यातूनच १९९६ मध्ये कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. नोकरी सांभाळून शिकल्यास वेतन वाचते. विश्रांतीचे तास मात्र खर्ची पडतात.

शिक्षिकेने मिळविलेले ज्ञान वर्गातील प्रत्येक मुलापर्यंत पोहोचते. लाभ साऱ्यांचा असताना खर्च तिने एकटीनेच का सोसावा? आपले मत लिहा.