विंच अर्धा विकू नकोस

बाळा, आजोबांची जीप आता तुझी आहे, तिचं काय करायचं ते तूच ठरव. मी फक्त पुढच्या विंचबद्दल बोलतो, कारण त्याला गिऱ्हाईक लागलंय असं तुझी आई म्हणाली.

गिऱ्हाइकाला बंपरवरचा ड्रम आणि दोर तेवढा दिसतो. तो म्हणेल, एवढंच खोलून द्या. देऊ नकोस. आपला विंच बॅटरीवर चालत नाही, त्याला इंजिन फिरवतं. ट्रान्सफर केसच्या मागच्या झाकणाच्या जागी पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर काढणारा जोड, बसवलाय. तिथून एक शाफ्ट गाडीच्या पोटाखालून पुढे येतो आणि विंचचा वर्म गिअर फिरवतो. ड्रम गेला की मागे राहिलेला पीटीओ, त्याचा लिव्हर, शाफ्ट, क्रॉस सगळं भंगारात जातं, आणि ज्याने ड्रम नेला त्याच्या अंगणातही तो नुसता गंजत पडतो. आपली सीजे-३बी जीप अमेरिकेत १९५३ ते १९६८ बनली, महिंद्रने आपल्याकडे त्यानंतरही बनवली. त्यामुळे गाडीचे पार्ट शोधले की सापडतात, विंचचे मुश्किलीने. ह्यूस्टनची कोनिग, टल्साची रॅम्से अशा कंपन्या जीपसाठी विंच बनवायच्या. आपल्या विंचवरची पाटी रॉकेलने पुसून नाव-नंबर वाच आणि फोटो काढून ठेव. पेंटरला त्या पाटीवर रंग मारू देऊ नकोस.

ठेवायचा की विकायचा हे ठरवण्याआधी वर्मच्या पेटीतलं ऑइल स्वच्छ भांड्यात काढ आणि उन्हात धरून बघ. आतलं मोठं चाक सहसा ब्राँझचं असतं. थोडी सोनेरी झाक दिसली तर घाबरू नकोस, पण चिमटीत कण लागले तर चाक खाल्लं गेलंय. ऑइल दुधाळ असेल तर सील गेलाय, पाणी शिरलंय. नवीन ऑइल भरताना दुकानदार देईल ते घेऊ नकोस. काही गिअर ऑइलमधली रसायनं ब्राँझला चावतात, म्हणून पिवळ्या धातूला चालणारंच माग.

आता शिअर पिन. हे नीट ऐक. शाफ्टच्या सांध्यात एक मऊ लोखंडाची पिन असते. ओढ फार झाली की ती तुटते आणि बाकी सगळं वाचतं. बॅटरीचा विंच जड ओझ्यापुढे कण्हत थांबतो. इंजिनाचा थांबत नाही, तो काहीतरी मोडेपर्यंत ओढतो. काय मोडायचं हे ती पिन ठरवते. वारंवार तुटते म्हणून कंटाळून तिथे हायटेन्साइलचा बोल्ट ठोकलेले विंच मी पाहिलेत. पुढच्या वेळी त्यांचं ब्राँझचं चाक गेलं, एकाची तर पेटीच फुटली. टर्नरकडून त्याच मापाच्या, तितक्याच मऊ पिना करून घे आणि गाडीत ठेव. आणि विकत घेणारा आला की आधी पिन काढून दाखव. तिथे कडक बोल्ट निघाला तर जाणता माणूस सौदा तिथेच सोडतो, आणि त्याचं बरोबर आहे.

मला विचारशील तर ठेव. बॅटरीचा विंच पूर्ण ओझ्यावर चारशे अँपियरच्या आसपास करंट खातो, मोटर तापते, मध्ये विश्रांती द्यावी लागते. आपला इंजिन चालू आहे तोवर सावकाश ओढत राहतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकून पीटीओ लावला की वेग गिअरने ठरतो आणि रिव्हर्समध्ये दोर सोडता येतो. इंजिन बंद पडलं तर मात्र तो काही कामाचा नाही, हे लक्षात असू दे. पुढे वजन पडतं म्हणून पुढचे पाटे दरवर्षी बघ. रेडिएटरसमोरची हवाही अडते, तेव्हा घाटात टेंपरेचरवर डोळा ठेव.

वापरताना क्लचवर पाय असलेला आणि दोराजवळ उभा असलेला, अशी दोनच माणसं बोलणारी असावीत. ड्रमवर निदान पाच वेढे कायम राहू दे. ड्रमवर थर जितके जास्त, तितकी ओढ कमी, म्हणून जड काम असेल तेव्हा दोर जास्त सोडून घे. पुली लावलीस तर ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. तारेचा दोर उघड्या हाताने धरू नकोस, त्यावर जाड गोधडी टाक आणि त्याच्या रेषेत कुणाला उभं करू नकोस. झाडाला बांधताना रुंद पट्टा वापर. या विंचने माणूस उचलायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

आता कायद्याचं. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार देऊन. विंच त्यातला नाही असं तू म्हणशील, पण रस्त्यावरचा इन्स्पेक्टर तसंच म्हणेल याचा भरवसा नको. आजोबांच्या काळचे विंचसकट गाडीचे फोटो आणि सगळे कागद फाइलला लाव.

आणि विकायचंच ठरलं तर गाडीसकट वीक. तेही जमलं नाही तर पीटीओपासून पुढच्या रोलरपर्यंत सगळं एका खोक्यात, ओढताना काढलेल्या व्हिडिओसह, आणि अशा माणसाला जो तो जीपवरच बसवणार आहे. भंगारवाला किलोवर भाव करतो, त्याला दारात उभं करू नकोस. पण त्याआधी, या दिवाळीच्या आत, ऑइल बदल आणि पूर्ण दोर उलगडून बघ.