कंटेम्पररी नृत्याचे शिक्षक व्हायचंय? वाशिममधून निघण्याआधी हिशेब मांडा

कंटेम्पररी किंवा मॉडर्न डान्स शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. मुळात तसा परवानाच नाही. त्यामुळे दोन दिवसांत ‘सरकारमान्य शिक्षक प्रमाणपत्र’ देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पैसे मोजायचे ते शिकण्यासाठी, आणि जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली स्वतः शिकवून बघण्यासाठी.

त्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची तयारी ठेवा. पुण्यात हृषीकेश पवार यांचं सेंटर फॉर कंटेम्पररी डान्स, मुंबईत टेरेन्स लुईस आणि श्यामक दावर यांच्या संस्था, बंगळुरूत अटक्कलरी. मुंबईसाठी वाशिम, रिसोडकरांना अकोल्याहून गाडी सोयीची. कारंजा, मालेगावकरांना समृद्धी महामार्ग जवळ. थेट वर्षभराचा प्रवेश घेऊ नका. आधी आठवडाभर सुटे वर्ग करा, शिक्षक चूक कशी दुरुस्त करतात ते पाहा, मग ठरवा.

पूर्णवेळ वर्षाची फी लाखांत जाते. आणि सांगितलेला आकडा बहुधा शेवटचा नसतो. नोंदणीकृत संस्था फीवर 18 टक्के जीएसटी लावते. म्हणजे 2 लाख ऐकलेत तर 2 लाख 36 हजार धरा. छंद म्हणून शिकली जाणारी कला वैयक्तिकरीत्या शिकवणाऱ्याला या करातून सूट आहे, म्हणून एकट्या गुरूने ‘जीएसटी वेगळा’ म्हटलं तर नोंदणी क्रमांक आणि पक्की पावती मागा. ऑडिशनचं शुल्क, कॉस्च्युम, पाहुण्या शिक्षकांची कार्यशाळा, वर्षअखेरच्या शोची तिकिटं खपवण्याची सक्ती, प्रमाणपत्राचे पैसे: हे सगळं फीत धरलंय का ते विचारा. विचारा व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर, म्हणजे उत्तर लेखी राहील. मध्येच सोडलं तर किती परत मिळतील, हेही तिथेच. राहण्या-जेवणाचा खर्च मुंबईत फीच्या जवळ जाऊ शकतो. तो आधी काढा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ला भुलू नका. ते बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. खासगी डिप्लोमाला बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळेलच असंही नाही; प्रवेशाआधी शाखेत विचारून या.

मुख्य प्रश्न मात्र फीचा नाही. संस्थेला हे विचारा: वर्षभरात मी स्वतः किती तास वर्ग घेईन? लहान मुलं, मोठी माणसं, दोन्ही मिळतील का? शरीररचना आणि दुखापत टाळणं शिकवता का? ग्रॅहम, हॉर्टन, लिमोन यांपैकी कोणतं तंत्र, आणि तुम्ही ते कुणाकडे शिकलात? इथे उत्तर गुळमुळीत आलं, तर ती संस्था नर्तक घडवत असेल, शिक्षक नाही.

प्रवेशासाठी लागू शकतील अशा गोष्टी: आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो, डॉक्टरांचा फिटनेस दाखला, नाचाचा विनाकाटछाट व्हिडिओ. वय 18 च्या आत असेल तर पालकांचं संमतीपत्र. हे जवळ ठेवा.

परत आल्यावर शाळांच्या गॅदरिंगची कामं मिळतील. शाळा चारित्र्य पडताळणी मागतात आणि ती मागायलाच हवी. पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज आधीच करा. स्वतःचा क्लास काढताना कामगार मोजकेच असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे; तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं पैसे घेतात.

फरशीवर मात्र काटकसर करू नका. टाइल्सवर किंवा सिमेंटवर उड्या मारून मुलांचे गुडघे आणि नडग्या दुखावतात. आधी फोमचे तुकडे, त्यावर प्लाय, वर न घसरणारं विनाइल. प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची, म्हणजे 20 बाय 20 च्या खोलीला 13 शीट. वाशिमच्या बाजारात 12 मिमी प्लायचा भाव काढा आणि 13 ने गुणा. आरसे नंतर घेतले तरी चालतील.

पालकांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा: दहावीचे वाढीव गुण शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांना आणि लोककलेला आहेत, कंटेम्पररीला नाहीत. हे लपवून प्रवेश देऊ नका.

आणि एखाद्या संस्थेने तुम्हाला फसवलं तर मुंबई-पुण्याच्या खेपा नकोत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेही दाद मागता येते, म्हणजे वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगात. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पावत्या, जाहिरात आणि ते व्हॉट्सअॅपचे मेसेज सोबत जोडा.