मेदोधातूचे पचन आणि ‘सीपीटी-१’ : लंघनाच्या संदर्भात विचार

मुकुटबनसारख्या गावी वैद्याकडे कापूस वेचणारा मजूर येतो, तसाच दिवसभर गादीवर बसणारा व्यापारीही येतो. अलीकडे स्थौल्य व प्रमेह यांचे रुग्ण वाढत असल्याने मेदोहर औषधांची मागणीही वाढली आहे. या औषधांकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी, हे समजण्यासाठी एका विकराचा परिचय उपयुक्त ठरेल.

विकराचे कार्य

मेदाम्लांचे ज्वलन पेशीतील तंतुकणिकेत होते. लांब साखळीची मेदाम्ले मात्र तिच्या आतील पटलातून आपोआप जाऊ शकत नाहीत. त्यांना कार्निटीनची जोड लागते. ही जोड देणारे विकर म्हणजे कार्निटीन पामिटॉइल ट्रान्सफरेज-१, अर्थात सीपीटी-१. ते बाह्य पटलावर द्वारपालासारखे असते.

हे द्वार कशाने बंद होते, याचा उलगडा १९७७ साली अमेरिकेत मॅकगॅरी व फॉस्टर यांच्या संशोधनातून झाला. पिष्टमय आहारानंतर इन्सुलिन वाढते, यकृतात मॅलोनिल को-ए तयार होते आणि ते सीपीटी-१ ला रोखते. म्हणजे मेद साठविण्याचे काम चालू असता मेद जाळण्याचे काम थांबते. उपवासात ग्लुकागॉन वाढून मॅलोनिल को-ए घटते व द्वार उघडते. व्यायामाने स्नायूंतही असाच परिणाम होतो.

चिकित्सेतील उपयोग

चरकाचार्यांनी लंघनाच्या दहा प्रकारांत उपवासाबरोबर व्यायामही सांगितला, हे येथे लक्षणीय आहे. सीपीटी-१ म्हणजेच मेदोधात्वग्नी, असे समीकरण मात्र आम्ही मांडू इच्छित नाही. परंतु साबुदाण्याची खिचडी व बटाटा यांवर केलेली एकादशी हे लंघन नव्हे, हे रुग्णास समजावून सांगण्यास ही माहिती निश्चित उपयोगी पडते. पिष्ट पोटात जाताच द्वार पुन्हा बंद होते.

औषधी विक्रेत्यांसाठी

वृक्षाम्ल (कोकम) व मलबारी चिंच यांतील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल मॅलोनिल को-एच्या निर्मितीतील आधीची पायरी रोखते. त्यामुळे सीपीटी-१ मोकळे राहील, असा तर्क आहे. तथापि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या १३५ व्यक्तींच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत दररोज १५०० मिलिग्रॅम मात्रेने निरौषधी गोळीहून अधिक वजन घटले नाही. मलबारी चिंचेचा अर्क असलेल्या उत्पादनांनंतर यकृतविकार झाल्याच्याही नोंदी आहेत. आहारातील आमसूल वेगळे व संहत अर्क वेगळा, हा भेद विक्रेत्याने अवश्य सांगावा.

लंघन कोणास वर्ज्य

१. जन्मतः सीपीटी-१ ची न्यूनता असलेल्या बालकास उपाशी ठेवल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटते. ज्वरात अन्न न घेणारे बालक निस्तेज वा बेशुद्ध होऊ लागल्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

२. अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या रुग्णात कार्निटीन कमी होऊ शकते. त्यास दीर्घ लंघन देऊ नये.

३. इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या प्रमेहींस उपवासात शर्करा घसरण्याचा धोका असतो.

४. याउलट, इन्सुलिनवर अवलंबून असलेल्याने ते अचानक बंद केल्यास द्वार सताड उघडे राहते आणि कीटोन वाढून प्राण संकटात येतात.

म्हणून मेदोहर कल्प देण्यापूर्वी रुग्ण काय खातो, किती श्रम करतो व कोणती औषधे घेतो, हे तीन प्रश्न प्रत्येक वैद्याने विचारावेत, अशी आमची विनंती आहे.