रीफ टँकचं पाणी किती दिवसांनी बदलायचं आणि त्याला किती पैसे लागतात

खाऱ्या पाण्याचा टँक घ्यायला गेलं की दुकानात काच, लाइट आणि माशांचे भाव कळतात. मिठाचा विषय निघतो तो पहिली बादली संपल्यावर. म्हणून हिशेब मिठापासून सुरू करा.

टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी २०० लिटर असेल आणि दर आठवड्याला १० टक्के बदललं, तर नवं पाणी २० लिटर लागतं. सॉल्ट मिक्स लिटरला साधारण ३८ ग्रॅम जातं. म्हणजे आठवड्याला पाऊण किलो, वर्षाला ४० किलोच्या आसपास. किलोला ४०० रुपये धरले तर आठवड्याचे ३०० आणि वर्षाचे १५,६००. तुमच्याकडचा भाव घालून हाच हिशेब करा. मोठी बादली किलोमागे स्वस्त पडते, पण झाकण घट्ट बसणारं हवं. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात उघड्या मिठाचा दगड होतो.

मासे दोन-तीनच असतील तर पंधरा दिवसांनी २० टक्के बदललं तरी चालतं. मीठ तेवढंच लागतं, फक्त एक फेरी वाचते. मासे जास्त असतील तर आठवडा चुकवू नका. मात्र माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट ५० पीपीएम असताना १० टक्के पाणी बदललं, तर ते ४५ वरच येतं. आठवडाभरात पुन्हा ५ ने वाढत असेल, तर तुम्ही वर्षभर मीठ ओतलंत तरी आकडा तिथेच घुटमळणार. आधी माशांचं खाणं कमी करा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) धुवा. महिनोन्‌महिने टाळून एकदम निम्मं पाणी बदलणं तर सगळ्यात महागात पडतं. त्या धक्क्याने प्रवाळ मिटतात.

आपल्याकडे दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. कुणी विकत असलं तरी घेऊ नका. झोएंथिड, मशरूम यांसारख्या मऊ प्रवाळांना कॅल्शियम फार लागत नाही. नियमित पाणी बदललं की त्यांचं भागतं, त्यामुळे डोसिंगच्या महागड्या बाटल्यांचा खर्च वाचतो.

मिठात मात्र काटकसर नको. स्वयंपाकाच्या मिठात प्रवाळाला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. जुहू-गिरगावच्या किनाऱ्यावरचं पाणीही आणू नका, त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं. मीठ कालवायला घरच्या आरओचं पाणी घेत असाल, तर त्यातले विरघळलेले क्षार टीडीएस मीटरने तपासा. मिनरल घालणारा आरओ असेल तर आकडा शून्य येणार नाही; तो शून्यावर आणायला डीआय रेझिनची नळी जोडावी लागते.

पाणी आटतं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून रोजची तूट आरओच्या साध्या पाण्याने भरायची. पहिल्या उन्हाळ्यात मी ती खाऱ्या पाण्याने भरत होते, रोज दोन लिटर. तीन आठवड्यांनी खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला, तर निळ्या-पांढऱ्याची सीमा १.०३० वर. हवी होती १.०२५. झोएंथिडांच्या मुठी आठ दिवस उघडल्या नाहीत.

आता शनिवारी रात्री २० लिटरच्या ड्रममध्ये मीठ घालून छोटा पंप फिरत ठेवते. रविवारी सकाळी पाणी नितळ दिसलं, रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आलं आणि ड्रमचं तापमान टँकइतकं झालं, की मगच नळी लावते.