भोजनपंक्ती आणि विद्यापीठ : हाल्ले येथील एक प्रयोग

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आपण अभ्यासाला घेतो. गेल्या वर्षी हा भाग शिकविताना आमचे सर सहज म्हणाले, "सरफोजींच्या शिक्षणामागे श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन पाद्र्याचा हात होता. तो स्वतः कोठे शिकला होता, ते कोणी शोधील काय?" मी ग्रंथालयात बसले आणि शोधत शोधत तंजावरहून थेट जर्मनीतील हाल्ले या गावी जाऊन पोहोचले. तेथे जे वाचावयास मिळाले ते आपणा सर्वांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय परका वाटेल. मला तो वाटला नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाते. माझा दुपारचा डबा गावाहून एस.टी.ने येतो आणि ज्या दिवशी गाडी चुकते त्या दिवशी शेवटच्या तासाला फळ्यावरची अक्षरे नीट दिसत नाहीत. म्हणून एका विद्यापीठाने गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाचा विचार तीनशे वर्षांपूर्वी कसा केला, हे मी जरा अधिक लक्षपूर्वक वाचले.

दानपेटीतील चार थॅलर

हाल्लेचे विद्यापीठ १६९४ साली स्थापन झाले. ते ल्यूथरपंथीय विद्यापीठ होते. मार्टिन ल्यूथर हे धर्मसुधारक म्हणून आपणांस परिचित आहेत. परंतु त्यांनी १५२४ साली जर्मन नगरपालिकांना पत्र लिहून मुलांसाठी आणि मुलींसाठीही शाळा काढा असे बजावले होते, हे सहसा सांगितले जात नाही. ईश्वराची सेवा केवळ मठात होते असे नव्हे, चांभाराने जोडा नीट शिवला तर तीही शेजाऱ्याची सेवाच, असा त्यांचा विचार होता. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या पंथात 'पाएटिझम' नावाची एक चळवळ उभी राहिली. श्रद्धा ओठांत असून भागत नाही, ती आचरणात दिसली पाहिजे, असे या मंडळींचे म्हणणे होते. आपल्या संतांची शिकवण ज्यांच्या कानांवर आहे त्यांना हे सहज कळेल.

आउगुस्ट हेरमान फ्रांके (१६६३–१७२७) हे या चळवळीतील एक प्रमुख पुरुष. १६९२ साली ते हाल्लेला आले. विद्यापीठात ते ग्रीक व पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक झाले आणि गावाला लागून असलेल्या ग्लाउखा या वस्तीचे धर्मोपदेशकही. प्लेगने खिळखिळी झालेली ही वस्ती दारूचे गुत्ते आणि दारिद्र्य यांनी भरलेली होती. एकाच माणसाला सकाळी विद्यापीठाच्या वर्गात आणि नंतर अशा वस्तीत उभे राहावे लागले, यातूनच पुढचे सारे घडले असे मला वाटते.

फ्रांके यांनी आपल्या घरात गरिबांसाठी एक दानपेटी ठेवली होती. १६९५ साली तीत कोणीतरी एकदम चार थॅलर आणि सोळा ग्रोशन टाकले. ही रक्कम काही मोठी नव्हती. पण एवढ्या भांडवलावर काहीतरी नेटके उभे केले पाहिजे, असे म्हणून त्यांनी पुस्तके विकत घेतली आणि विद्यापीठातल्याच एका गरीब विद्यार्थ्याला थोड्या मोबदल्यावर वस्तीतील मुलांना रोज शिकविण्याचे काम दिले. आरंभ काही गोड झाला नाही. बहुतेक मुले पुस्तके घेऊन पसार झाली! फ्रांके यांनी पुन्हा पुस्तके घेतली. मात्र या वेळी धडा संपला की ती वर्गातच ठेवून घेण्याचा नियम केला.

या रोपट्याचा वृक्ष किती वेगाने झाला ते पाहण्यासारखे आहे. १६९८ साली अनाथगृहाच्या मोठ्या इमारतीची कोनशिला बसली. त्याभोवती गरिबांची शाळा, लॅटिन शाळा, मुलींची शाळा, औषधालय, छापखाना व पुस्तकांचे दुकान उभे राहिले. देणग्या येत होत्याच. पण औषधे आणि पुस्तके यांच्या विक्रीतूनही संस्थेचा खर्च चाले. १७२७ साली फ्रांके वारले तेव्हा या शाळांतून दोन हजारांहून अधिक मुले शिकत होती.

जेवणारा तोच शिकविणारा

एवढ्या मुलांना शिकवीत कोण होते? येथेच या प्रयोगाचे मर्म आहे. विद्यापीठातील गरीब विद्यार्थ्यांना फ्रांके प्रथम थोडे रोख पैसे देत. पुढे त्यांनी पैशांऐवजी जेवणाची पंगत सुरू केली. जर्मन भाषेत तिला 'फ्रायटिश' म्हणत. म्हणजे मोफत जेवणाचे टेबल. या टेबलावर जेवणाऱ्या विद्यार्थ्याने रोज ठरलेला वेळ शाळेत जाऊन मुलांना शिकवावयाचे. १६९६ पासून या विद्यार्थी-शिक्षकांसाठी खास वर्गच सुरू झाला आणि त्यांना शिकवावे कसे हेही शिकविले जाऊ लागले. आज आपण ज्याला अध्यापक विद्यालय म्हणतो, त्याचे हे एक फार जुने रूप होय.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, पंगतीला बसणारा विद्यार्थी केवळ घेणारा राहिला नाही. दुपारी तो दुसऱ्याच्या अन्नावर जेवला, तरी त्याच दिवशी तो एखाद्या अनाथ मुलाचा गुरुजी झाला. दुसरी अशी की, त्याच्या विद्येची रोज परीक्षा झाली. जे स्वतःला नीट कळले नाही ते दहा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही.

मदत कशी दिली जाते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पूर्वी एका ठिकाणी मी साहाय्यासाठी अर्ज केला होता. तेथे मदत मिळणाऱ्यांची नावे मोठ्याने वाचून आम्हांला सर्वांसमोर उभे केले. मदत खरी होती आणि ती मला उपयोगीही पडली. परंतु त्या दिवशी घरी आल्यावर आईला मी पैसे मिळाल्याचे सांगितले, उभे केल्याचे सांगितले नाही.

पंक्तीची दुसरी बाजू

एवढे वाचून मी हाल्लेच्या प्रेमात पडले होते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचे पान उलटले पाहिजे.

हाल्लेच्या शाळांत सगळी मुले एका बाकावर बसत नव्हती. सरदार-धनिकांच्या मुलांसाठी वेगळी निवासी शाळा होती आणि गरिबांची शाळा वेगळी. हुशार अनाथ मुलगा लॅटिन शाळेत जाऊ शके, हे खरे. तरी समाजाची उतरंड सामान्यतः शाळेतही जशीच्या तशी राही. शिस्त इतकी कडक होती की खेळण्याला जवळजवळ थाराच नव्हता. शिवाय जेवणाच्या बदल्यात शिकविण्याचे ऋण गरीब विद्यार्थ्याच्याच माथी होते. ज्याच्या घरून पैसे येत त्याला हे ऋण नव्हते. सेवा जर खरोखर थोर असेल, तर ती एकट्या गरिबानेच का करावी?

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. त्याच विद्यापीठात क्रिस्टियान वोल्फ हे गणिताचे व तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १७२१ साली त्यांनी चिनी लोकांच्या नीतिविचारावर भाषण केले. ख्रिस्ती धर्माचा आधार नसतानाही केवळ विवेकाच्या बळावर चिनी लोक उत्तम नीतीपर्यंत पोहोचले, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रांके आणि त्यांचे सहकारी यांना हे सहन झाले नाही. वाद राजदरबारी गेला आणि १७२३ साली प्रशियाच्या राजाने हुकूम काढला : अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोडावे, नाही तर फाशी! वोल्फ निघून गेले. ते परत आले १७४० साली, नवा राजा गादीवर बसल्यानंतर.

ज्या हातांनी भुकेल्यांना ताट वाढले, तेच हात एका विचारवंताला घालविण्यासाठीही पुढे आले. हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होते. मग मला असे वाटले की, कोणत्याही शैक्षणिक समाजाची कसोटी दुहेरी असते. तो भुकेल्याला जेवू घालतो काय, ही पहिली. आणि जेवणाऱ्याला, शेजारी बसणाऱ्याला, वेगळे मत मांडू देतो काय, ही दुसरी. हाल्ले पहिल्या कसोटीला उतरले. दुसरीत ते एकदा तरी सपशेल हरले.

पण त्याच विद्यापीठाच्या नावावर आणखीही काही जमा आहे. आजच्या घाना देशातून लहानपणी युरोपात नेला गेलेला आन्टोन विल्हेल्म आमो १७२७ साली येथे विद्यार्थी झाला. युरोपातील कृष्णवर्णीयांच्या हक्कांवर त्याने १७२९ साली प्रबंध मांडला आणि पुढे याच विद्यापीठात अध्यापनही केले. १७५४ साली डोरोथिया एर्क्सलेबेन या बाईंना येथेच वैद्यकाची डॉक्टरेट मिळाली. जर्मनीत असा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. एकाच विद्यापीठाच्या दारातून वोल्फ बाहेर गेले आणि हे दोघे आत आले.

हाल्ले ते तंजावर

आता सरांच्या प्रश्नाकडे वळते. क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७४६ साली हाल्लेला शिकावयास आले. तमिळ भाषेचा आरंभ त्यांनी तेथेच केला. १७५० साली ते तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीत उतरले आणि आयुष्याची पुढील अठ्ठेचाळीस वर्षे त्यांनी दक्षिणेतच काढली. तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ साली सरफोजींना दत्तक घेतले; पण त्यांच्या मृत्यूनंतर गादी अमरसिंगांकडे गेली. बालराजाच्या शिक्षणाची आबाळ होऊ लागली तेव्हा श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे दाद मागितली आणि १७९३ साली सरफोजींना शिक्षणासाठी मद्रासला हलविण्यात आले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही. श्वार्ट्झ हे धर्मप्रसारक होते, तरी त्यांच्या हाताखाली वाढलेला राजा शेवटपर्यंत शिवभक्त राहिला आणि तरीही त्याने आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक इंग्लंडातून घडवून आणले. विद्या घेतली, कृतज्ञता राखली आणि मत मात्र स्वतःचे ठेवले. पुढे त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला. इसापनीतीचे मराठी रूप 'बालबोधमुक्तावली' तेथे छापले गेले. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंना अन्न मिळे आणि मुलांना अन्नाबरोबर शिक्षणही. छत्र ही आपलीच जुनी परंपरा. तीत शाळेची भर पडली. अन्न आणि विद्या एकाच छपराखाली, हे पाहून हाल्लेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

समारोप

हाल्लेचे आणि विटेनबर्गचे विद्यापीठ १८१७ साली मिळून एक झाले; आज ते ल्यूथरचे नाव धारण करणारे सरकारी विद्यापीठ आहे. फ्रांके यांच्या संस्थेच्या जुन्या इमारती आजही उभ्या आहेत.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. गेल्या हिवाळ्यातील शिबिरात मी वीटभट्टीवरच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवीत होते. सातव्या दिवशी एका मुलीने विचारले, "ताई, उद्या येशील ना?" शिबिर त्याच दिवशी संपले होते. मी उत्तर न देता तिची पाटी पुसून दिली. फ्रांके यांच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कोणी विचारला नसेल, कारण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जात होता.

म्हणून गुरुजनांना आणि विद्यार्थी मित्रांना माझी नम्र सूचना अशी आहे. आपल्यापैकी काही जणांनी आळीपाळीने, वर्षभर, आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या वस्तीत शिकवावे. यात केवळ साहाय्य घेणारे नसावेत. ज्यांचे डबे घरून गरम येतात तेही असावेत. साहाय्य घेणाऱ्यांची नावे कोठे वाचली जाऊ नयेत. आणि ज्याला ही कल्पना पटत नसेल त्याने तसे याच अंकातून पुढील वर्षी खुशाल लिहावे.

त्या मुलीची वीटभट्टी पावसाळ्यात बंद होते आणि दिवाळीनंतर पुन्हा पेटते. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी तेथे जाणार आहे. कोणी सोबत आले तर दोन पाट्या जास्त घेईन.